‘मी बघतो नंतर’ : डीएडच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं एक प्रकरण

आधीच सांगते, यातली नावं बदललीत, गावं आणि बारीकसारीक तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारूनच लिहितेय. मी या ग्रुपच्या तीन अ‍ॅडमिनपैकी एक होते आणि चुकणाऱ्यांमध्ये माझा नंबर बराच वर आहे, त्यामुळे तटस्थ रिपोर्ट म्हणून वाचायला घेऊ नका.

पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या एका डीएड कॉलेजची, म्हणजे प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजची, २००३ ते २००५ची बॅच. पोरं-पोरी राज्यभरातून आलेली, कोल्हापूर, अमरावती, नांदेड, जळगाव, रत्नागिरी, आणि आम्ही जवळच्या तालुक्यांतले. वर्ग एक पण बाकांच्या रांगा वेगळ्या. खरं सांगायचं तर दोन वर्षांत निम्म्या मुलांशी मी एक अख्खं वाक्य बोलले नसेन, बोलले ते सरावपाठाच्या दिवशी ‘खडू आहे का’ इतपतच. नंतर बहुतेक जण झेडपीत लागले, कुणी शेतीत परत गेलं, एक मैत्रीण लग्न होऊन जर्मनीला गेली.

जिओ आल्यावर सगळ्यांकडे नेट आलं तशी २०१७ला कुणीतरी टूम काढली आणि ग्रुप झाला. मुलं आठवड्याभरात सापडली. मुली शोधायला मात्र चार महिने लागले, कारण आडनावं बदललेली, दोघींची तर नावंच बदललेली, आणि डीपीला एक तर पोराचा फोटो नाही तर स्वामी समर्थ. शेवटी ६१ जण जमले, ३८ पुरुष आणि २३ बायका.

आता यात एक गंमत होती जी तेव्हा कळली नाही. वर्गात जे कधी एकमेकांशी बोललेच नाहीत ते बारा वर्षांनी एकदम ‘जुने दोस्त’ झाले. पुरुषांना वाटलं आपण बॅचमेट म्हणजे अरे-तुरे चालतं, बायकांना वाटलं आपण एकमेकांना ओळखतच नाही तर अंतर ठेवलेलं बरं. त्यामुळे बायका सगळ्यांना ‘सर’ म्हणायच्या, फार तर ‘दादा’, आणि पुरुषांतले काही ‘मॅडम’ तर काही थेट ‘काय गं’. ‘ताई’ हा शब्द तर आमच्या ग्रुपवर कुंपणासारखा वापरला गेला, ज्याला कुणी काही वावगं समजू नये असं वाटायचं तो आधी ताई लावायचा आणि मग पुढचं लिहायचा.

पोस्टही तशाच. पुरुष लांबलचक फॉरवर्ड टाकणार, जुन्या पेन्शनवर भांडणार, पहाटे पाचला सुविचार. बायका वाढदिवस, दुःखद बातमी, पोरांचे निकाल एवढ्यालाच येणार, आणि येऊन हात जोडलेला इमोजी. सुझन हेरिंग नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकातच ऑनलाइन चर्चांचा अभ्यास करून हे मांडलेलं, की पुरुषांचे मेसेज जास्त आणि ठासून मांडलेले, बायकांच्या मेसेजमध्ये आभार, कौतुक, पाठिंबा जास्त. आमच्याकडे फक्त त्याला हळदीकुंकवाचे फोटो जोडलेले होते.

शिवाय प्रत्येकाच्या भागाची बोली. कोल्हापूरवाल्या दोघांचं प्रेम शिवीशिवाय सुरू व्हायचं नाही. अमरावतीकडचा नितीन ‘काय करून राहिली वं’ असं लिहायचा. आम्हा पुण्याकडच्यांना ते अंगावर आल्यासारखं वाटायचं आणि त्याला आमचं ‘आपण कसे आहात’ म्हणजे ऑफिसातून नोटीस आल्यासारखं वाटायचं. हे त्यानं मला नंतर सांगितलं.

नेमकं काय झालं

जुलै २०२१. शाळा बंद, सगळे घरी, ऑनलाइन तास आणि दिवसभर हातात मोबाइल. सुरेखाचा वाढदिवस होता, ती कोल्हापूर जिल्ह्यातली, तिचे मिस्टरही शिक्षकच. नितीननं सकाळी नऊला कोलाज टाकलं. तिचा फेसबुकवरचा फोटो घेतलेला, भोवती फुलं, केक, आणि खाली ओळ, ‘काय वं बाई, अजूनबी तशीच दिसून राहिली तू तं’. पुढे लाल हार्ट आणि डोळ्यांत हार्ट असलेला तो चेहरा.

मग जे ग्रुपवर होतं ते झालं. एकानं हार्ट दिलं म्हणून दुसऱ्यानं, ‘एव्हरग्रीन’, ‘संतूर मॅडम’, चौदा पुरुषांचे असे मेसेज मी नंतर मोजले. बायकांचे अकरा, सगळे एकाच साच्यातले, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा ताई’ आणि फुलांचा गुच्छ. मी पण तेच टाकलं. म्हणजे मला ते काहीतरी खटकलं होतं, पण खटकलं म्हणून सांगायच्या ऐवजी मी ‘ताई’ लावून मोकळी झाले, जी माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान आहे.

सुरेखाचं दिवसभर काहीच उत्तर नाही. रात्री अकरा वाजून गेल्यावर एक ओळ आली, ‘धन्यवाद सर्वांना. मी बघतो नंतर.’ आणि सकाळी सहाला ती राखाडी ओळ, सुरेखा लेफ्ट. तेव्हा गुपचूप बाहेर पडायची सोय नव्हती, ती २०२२च्या ऑगस्टमध्ये आली, त्याआधी ग्रुप सोडणं म्हणजे भर मांडवातून ताट सोडून उठण्यासारखंच होतं.

आणि आम्ही सगळे त्या एका अक्षरावर अडकलो. बघतो. बघते नाही, बघतो.

मराठीत ही पंचाईत आहे बघा. इंग्रजीत ‘आय विल सी’ लिहिलं तर लिहिणारा बाप्या की बाई काही कळत नाही. आपल्याकडे मी आलो, मी आले, दोन शब्दांत माणूस उघडा पडतो. त्यामुळे मला क्षणभरही शंका आली नाही. फोन नवऱ्याच्या हातात आहे, त्यानं ते हार्ट बघितले, त्यानं उत्तर दिलं आणि सकाळी त्यानंच बाहेर काढलं. झालं, माझ्या डोक्यात पूर्ण गोष्ट तयार.

आता ही गोष्ट अगदीच हवेतून आली नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या साधारण ५४ टक्केच बायकांनी सांगितलं की त्या स्वतः वापरतात असा मोबाइल त्यांच्याकडे आहे, आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका ३३ टक्के तर पुरुष ५७ टक्के. आमच्या ग्रुपवरच दोघींचे फोन घरात सगळे बघतात हे आम्हाला माहीत होतं, एक तर स्पष्ट सांगायची की रात्री नऊनंतर मला मेसेज टाकू नका. म्हणजे अंदाज करायला कारण होतं. पण देशाची सरासरी घेऊन मी सुरेखाचं घर रंगवलं, आणि सुरेखाला विचारलंच नाही.

आमच्यापुढे काय पर्याय होते

सकाळी आम्ही तिघं अ‍ॅडमिन फोनवर बोललो. एक म्हणाला सोडून दे, दोन दिवसांत सगळे विसरतात. दुसऱ्याचं म्हणणं तिला परत अ‍ॅड कर, चुकून बाहेर पडली असेल. हे ऐकायला साधं वाटतं पण मला नको वाटलं, कारण कुणी स्वतः दार उघडून गेलं तर हाताला धरून आत आणायचं नसतं, आणि खरंच घरी काही झालं असेल तर त्यात भर. हा एक निर्णय बरोबर ठरला, बाकी फारसे नाहीत.

नितीनची पोस्ट काढायची का हाही विषय निघाला. तेव्हा दुसऱ्याचा मेसेज अ‍ॅडमिनला उडवता येत नव्हता आणि स्वतःचाही साधारण तासाभरातच सगळ्यांसाठी डिलीट व्हायचा, म्हणजे नितीनला वाटलं असतं तरी दुसऱ्या दिवशी ते कोलाज तिथंच राहणार होतं. नितीनला काढून टाका असंही एकीनं मला खाजगीत लिहिलं. त्याला मी नाही म्हटलं, कारण मला तो माणूस घाणेरडा वाटत नव्हता, अघळपघळ वाटत होता.

एका सरांना आपल्यावर केस होईल याचीच चिंता. त्यांना कुणीतरी सांगितलेलं की ग्रुपवर कुणी काही लिहिलं की अ‍ॅडमिन आत जातो. खरं तर गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका प्रकरणात, जिथं मेंबरनं ग्रुपवर एका बाईबद्दल घाण लिहिलेलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला होता, की दुसऱ्यानं लिहिलेल्यासाठी, सामायिक हेतू असल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. पण त्या एका चिंतेत आमचा अर्धा तास गेला आणि सुरेखा कशी आहे हा विषय राहिला बाजूला.

उरला पर्याय तिच्याशी बोलायचा. कुणी बोलायचं? बाई म्हणून मी. फोन की मेसेज? इथं मी मेसेज निवडला आणि तो चुकीचा निवडला.

आम्ही काय केलं

सात वाजता मी लिहिलं, ‘सुरेखा बरी आहेस ना? घरी काही प्रॉब्लेम झाला का? मोकळेपणानं सांग, मी आहे.’ निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आज तो मेसेज वाचते तेव्हा मला ‘घरी’ हा शब्द टोचतो. काल काय वाईट वाटलं असं मी विचारलंच नाही, थेट घरावर बोट ठेवलं.

तिकडे ग्रुपवर जर्मनीतली प्राची जागी झाली होती. ती मनानं सरळ बाई, तिकडच्या वातावरणात तिला सगळ्यांच्या फोटोंना हार्ट द्यायची सवय, आणि मनात येईल ते सगळ्यांसमोर बोलायचीही. तिनं लिहिलं, ‘ते बघतो वाचलं का कुणी? हा तिचा मेसेज नाहीये. नवरा फोन चेक करतो हे कंट्रोलिंग आहे, आपण गप्प बसणार का?’ मग काय, दिवसभर ग्रुपवर सुरेखाच्या नवऱ्याचा पंचनामा. कुणी म्हणे नवऱ्याची बाजू पण बघा, कुणी म्हणे आपल्या बायकोला असे हार्ट आले तर आपण काय करू, एकानं तर नवरा-बायकोचा जोक टाकला. त्याच्या शाळेचं नावही कुणीतरी लिहिलं. ज्या बाईबद्दल चाललंय ती ग्रुपवर नाही, आणि साठ शिक्षक तिच्या संसारावर चर्चासत्र घेतायत.

मी दुपारी दोनला ग्रुप फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा केला. सकाळी नऊला करायला हवा होता. पाच तासांत कुणीतरी स्क्रीनशॉट काढून बाहेर पाठवला होता, तो एका केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर गेला, तिथून सुरेखाच्या शाळेत आणि संध्याकाळपर्यंत तिच्या मिस्टरांच्या मोबाइलवर. शिक्षकांचे ग्रुप एकमेकांत किती गुंतलेले असतात हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही.

चार वाजता मला सुचलं की कोल्हापूरकडचीच आमची अजून एक मैत्रीण आहे, मंगल, तिला विचारू. मी तिला बघतोचं सांगितलं तर ती आधी हसली आणि मग गप्प झाली. म्हणाली, ‘अगं आमच्याकडं बायका असंच बोलतात की. मी येतो, मी जातो, मी आलो. माझी आई पण असंच बोलती. तुम्हाला सुरेखा म्हणजे कॉलेजातलीच माहीत.’

आणि मला एकदम पाठाचे दिवस आठवले. पहिल्या वर्षी सुरेखा फळ्यापुढे उभी राहून मुलांना म्हणाली ‘मी आता तुम्हाला गोष्ट सांगतो’ आणि मागच्या बाकावरून मॅडमनी सगळ्यांसमोर तिला थांबवलं, ‘सांगते म्हणायचं, तू काय मुलगा आहेस का?’ वर्ग हसला होता, मीही. त्यानंतर दोन वर्षं ती आमच्यासमोर छापील मराठीच बोलली. इतकी वर्षं झाली, ती आपल्या मुलखात आहे, आपल्या भाषेत लिहितेय, आणि आम्ही परत तिला म्हणतोय हे तू नाहीसच.

संध्याकाळी मी फोन केला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. तिची सासू त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये होती, वाढदिवसाचा सगळा दिवस ती तिथंच, मेसेज रात्री बघितले. मी म्हटलं सॉरी, आम्हाला वाटलं मिस्टर रागावले. त्यावर ती जे बोलली ते मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

‘त्यांनी बघितलं पण नव्हतं. रागावलो होतो ती मी. तो फोटो माझ्या दिराच्या लग्नातला, आम्ही दोघं उभे आहोत, त्यातनं त्यांना कापून टाकलं आणि माझ्याभोवती हार्ट लावले. मला नाही आवडलं. मी निघालो. आता मला राग येऊ शकतो एवढं पण तुम्हाला पटत नाही व्हय, तो पण त्यांनाच देऊन टाकला?’

मी फोटो नीट बघितलाच नव्हता. कोलाजमध्ये तिच्या खांद्यामागे शेरवानीची एक बाही दिसते.

मग नितीन. त्याला फोन केला तर तो खरंच दुखावलेला, ‘मॅडम मी घाण काय लिहिलं सांगा.’ घाण काही नव्हतंच. त्याच्या घरी वहिनीला, मावसबहिणीला तो असंच म्हणतो, हार्ट म्हणजे त्याच्यासाठी फुलासारखं, फोटो कापला कारण कोलाजच्या गोल चौकटीत दोघं बसत नव्हते. एवढं साधं कारण. मी त्याला म्हटलं तुझा हेतू बाजूला ठेव, तिला न विचारता तिचा फोटो घेतलास आणि नवरा कापलास, एवढंच बघ. तो बराच वेळ गप्प होता.

त्यानं माफीचा मेसेज लिहून मला आधी दाखवला. पहिला मसुदा, ‘माझ्या बोलण्याने कुणाची भावना दुखावली असल्यास दिलगीर आहे.’ मी म्हटलं हे पुढाऱ्याचं झालं, कुणाची म्हणजे कुणाची? दुसऱ्यांदा त्यानं त्याच्या भाषेत लिहिलं, फोटो न विचारता घेतला, भाऊजींना कापलं, ते चुकलंच माझं, आणि तो तिला एकटीला पाठवला. तिनं लगेच उत्तर दिलं, ‘ठीक आहे दादा. विषय संपला.’ त्या दादावरून तो अजूनही नाराज आहे.

मिस्टरांची माफी जास्त अवघड होती. त्यांनी काहीच केलं नव्हतं आणि केंद्रभर त्यांचं नाव झालं होतं. प्राचीनं चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, रडत. त्यांनी उत्तरात अंगठा दाखवला. प्राचीनं मला विचारलं की हा अंगठा म्हणजे माफ केलं की चालते हो? मी काय सांगणार. आमच्या केंद्रप्रमुखांचा अंगठा म्हणजे वाचलं, माझ्या वडिलांचा म्हणजे बरं, माझ्या मुलीच्या मते अंगठा म्हणजे भांडणच.

ग्रुपवर मी काय लिहायचं हा शेवटचा निर्णय. सगळी हकिगत लिहिली तर सुरेखाच्या घरातलं परत चव्हाट्यावर. न लिहावी तर नवऱ्यावरचा आळ तसाच. शेवटी सुरेखाला वाचून दाखवून चार ओळी टाकल्या, की तो मेसेज तिचाच होता, ग्रुप तिनं स्वतः सोडला, तिच्या घरच्यांबद्दल आपण जे बोललो ते खोटं होतं आणि अ‍ॅडमिन म्हणून ते मी थांबवलं नाही. आणि ज्या ग्रुपवर स्क्रीनशॉट गेला तिथंही हेच पाठवा असं लिहिलं. कुणी पाठवलं का, कळलं नाही. स्क्रीनशॉट पाठवायला मात्र कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

शेवटी काय झालं

सुरेखा मोठ्या ग्रुपवर परत आली नाही. मंगलनं बायकांचा वेगळा ग्रुप काढला, त्यात ती आहे, एकोणीस जणी आहोत, आणि तिथं ज्या मोठ्या ग्रुपवर फक्त हात जोडतात त्याच बदल्यांवर, पेन्शनवर, नवऱ्यांवर पाच-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोट टाकतात. म्हणजे बायका बोलत नाहीत हेही आमचं खोटंच होतं.

मोठ्या ग्रुपवर आम्ही ठरवलं की कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही आणि जो हजर नाही त्याच्याबद्दल चर्चा नाही. अ‍ॅडमिनला मेसेज उडवायची सोय आल्यावर मी ती तीनदा वापरली, तिन्ही वेळा राजकारणावरून.

पण किंमतही मोजली. नितीन आता कुणाच्याच वाढदिवसाला काही लिहीत नाही. तोच एक होता जो सगळ्यांचे वाढदिवस वहीत लिहून ठेवायचा, ग्रुपवर जी काही ऊब होती त्यातली बरीच त्याच्यामुळे होती. आता शुभेच्छा येतात त्या तयार कार्डाच्या, बिनचूक आणि कोरड्या.

२०२२च्या डिसेंबरात स्नेहमेळावा झाला. सुरेखा आणि तिचे मिस्टर अर्धा दिवस येऊन गेले. नितीन जेवणाच्या वेळी त्यांच्याकडे गेला आणि तिघांचा सेल्फी काढला, टाकू का विचारलं, सुरेखा नाही म्हणाली, त्यानं तिच्यासमोर डिलीट केला.

परत असं झालं तर

पहिला फोन मी करेन, मेसेज नाही, आणि तोही ‘काल काय आवडलं नाही?’ एवढंच विचारायला. ग्रुप सकाळीच बंद करेन, लोकशाही वगैरे दुपारी बघू. एखाद्या शब्दावरून काही वाटलं तर आधी त्याच भागातल्या माणसाला विचारेन, ते मला दुपारी चारला सुचलं, मंगलचा नंबर सकाळपासून माझ्याकडे होता.

प्राचीचं काय करायचं असतं हे मला अजून नीट ठरवता येत नाही. सुरेखाच्या घरी खरंच फोन हिसकावणारा नवरा असता तर प्राचीच एकटी बरोबर ठरली असती आणि गप्प बसलेले आम्ही सगळे चूक. तिला मी बोल म्हणेन, पण अ‍ॅडमिनशी, साठ जणांपुढे नाही.

आणि कोलाज आलं तेव्हा, सकाळी नऊ वाजता, ताई लावून गुच्छ टाकायच्या ऐवजी नितीनला खाजगीत एक ओळ टाकता आली असती की हे काढ. तासाभराच्या आत ते निघालं असतं. अकरा जणी होतो आम्ही. नंतर बायकांच्या ग्रुपवर विचारलं तर सात जणी म्हणाल्या की आम्हालाही खटकलं होतं.

हे लिहून झाल्यावर सुरेखाला पाठवलं, टाकू का विचारायला. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही, आणि मी परत काहीबाही अंदाज करायला लागले होते तेवढ्यात आलं, ‘बघितलं. बाही दिराची होती, मिस्टर पूर्ण कापलेत, तेवढं नीट कर आणि टाक. मी फोन करतो रात्री.’